पट्ट्या हलल्या पाहिजेत

सकाळपासून धुकं इतकं दाट होतं की समोरच्या शिंप्याची पाटी सोडा, शिंपीच दिसत नव्हता. नुसता त्याच्या मशीनचा आवाज रस्ता ओलांडून येत होता. असल्या हवेत फिरकीच्या दुकानातला जुना व्हीसीआर रुसतो. पोटात दमटपणा शिरला की कॅसेट गिळत नाही. घातली की तशीच ओकून टाकतो. म्हणून तिने आल्या आल्या त्याचं झाकण काढलं, टेबलावरचा दिवा वाकवून त्याच्या अंगावर ऊब धरली आणि स्पिरिटची बाटली घेऊन टेप वाचणारं त्याचं हेड पुसायला बसली. कापूस चालत नाही, त्याचे तंतू अडकतात. चष्म्याच्या डबीतला मऊ कपडा घ्यायचा, बोटाने नुसता टेकवायचा आणि हेड आडवं, हळूहळू फिरवायचं. कुणी उभं घासलं तर हेड गेलंच म्हणून समजा.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एका बाजूला चावीवाला, दुसऱ्या बाजूला औषधाचं दुकान. डोक्यावरून माणसं चढउतार करतात तेव्हा छताचा चुना कीबोर्डवर पडतो. या खोलीत फिरकी एकोणीस वर्षं एकच काम करते. लोकांच्या घरातल्या जुन्या कॅसेटी कंप्युटरमध्ये घ्यायच्या आणि डिस्कवर, पेनड्राइव्हवर भरून द्यायच्या. या कामाला तिच्याकडे ‘ओढणं’ म्हणतात. व्हीसीआरमधून तीन वायरी निघतात, पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. त्या काडेपेटीएवढ्या एका डबीत जातात आणि डबीतून सगळं कंप्युटरमध्ये येतं. तीन तासांची कॅसेट ओढायला तीन तास लागतात. घाई करता येत नाही. लोक विचारतात, पटकन होत नाही का, तेव्हा ती म्हणते, “लग्न पटकन झालं होतं का?”

फिरकी हे तिचं घरचं नाव. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून बाबांनी ठेवलं. पुढे ती फिरत्या कॅसेटींच्याच धंद्यात पडली, तेव्हा बाबा म्हणाले होते, नाव ठेवताना जरा विचार करायला हवा होता.

हे बाबांनी तोंडाने म्हटलेलं. तेव्हा ते बोलत होते. नुसते बोलत नव्हते, गावात दिवसाकाठी जेवढी माणसं बसला चढायची त्या सगळ्यांशी बोलायचे. बसस्थानकावर एकतीस वर्षं त्यांनी गाड्या पुकारल्या. ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं’ असा त्यांचा आवाज आला की झोपलेला माणूस पिशवी उचलून उभा राहायचा, मग गाडी त्याची असो नसो. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. श्वासाला गळ्यात भोक राहिलं, त्यावर ते पांढरा रुमाल बांधतात. बोलायला मुलांची जादूची पाटी असते तशी पाटी आहे. लिहायचं, वरचा कागद ओढला की पुसून कोरी.

इस्पितळात त्यांना शिकवलं होतं की हवा गिळायची आणि तीच परत वर आणून शब्द काढायचा. घरी आल्यावर पहिला शब्द त्यांनी काढला तो लेकीचं नाव. ढेकर आणि बेडूक यांच्या मधलं काहीतरी बाहेर पडलं आणि फिरकी हसली. मुद्दाम नाही, धसक्यानेच हसू फुटलं तिला. बाबाही हसले, आणि पाटी मागून घेतली. त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. सकाळी न्हाणीघराचं दार लावून बाबा अर्धा अर्धा तास नळ सोडून ठेवतात. “बाबा, टाकी रिकामी होते,” एवढंच काय ते ती दाराबाहेरून ओरडते.

दिवसभर बाबा दुकानात तिच्या शेजारच्या खुर्चीत असतात. सकाळी मात्र एक चक्कर स्थानकावर. तिथे आता मशीनमधली बाई गाड्या पुकारते. तिच्याबद्दल बाबांचं मत पाटीवर एकदाच उमटलं होतं, ‘श्वास घेत नाही.’

तर त्या धुक्याच्या सकाळी बाबा स्थानकावर गेलेले होते, व्हीसीआर दिव्याखाली शेकत होता आणि शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई दुकानाच्या पायरीवर छत्री टेकवून उभ्या राहिल्या. फिरकीला त्यांनी चौथीत शिकवलेलं.

“बाई, या ना, बसा.”

“बसते. आधी मला एक सांग पोरी, माझा भाऊ बाईच्या आवाजात कधीपासून बोलायला लागला?”

फिरकीला कळलं नाही.

“त्याच्या लग्नाची कॅसेट ओढून दिलीस ना तू मागच्या महिन्यात? काल सगळ्यांना बोलावून टीव्हीवर लावली. नवरदेव नवरीकडे वळतो, तोंड उघडतो आणि म्हणतो, ‘गिझर बंद केलात का? नाही ना? मला ठाऊकच होतं.’”

फिरकीला हसू आलं.

“हसू नकोस, पुढे ऐक. आमचे वडील माईकसमोर उभे राहून पाहुण्यांचे आभार मानतायत. डोळ्यात पाणी आहे त्यांच्या. आणि तोंडातून काय येतंय? ‘अहो, पेनड्राइव्ह आहे तो, चावी नाही. चावीवाले शेजारी.’”

हसू अर्ध्यातच थिजलं. हे वाक्य तिचं होतं. दिवसातून दोनदा तरी ती ते म्हणते.

तिने बाईंचा पेनड्राइव्ह लावला आणि कानाला हेडफोन घातला. पडद्यावर मांडव, माणसं, बँड. कानात तिचं स्वतःचं दुकान. खुर्चीची करकर, जिन्यावरची पावलं, फोनवर नवऱ्याशी चाललेली गिझरची कटकट. बँडवाल्याने गाल फुगवून पिपाणी फुंकली तेव्हा कानात ती स्वतः शिंकली.

झालं काय होतं ते तिला दोन मिनिटांत सापडलं, आणि सापडल्यावर जास्तच घाम फुटला. दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याने कंप्युटरला लावायचा छोटा कॅमेरा आणला होता. ताई लांबच्या शहरात असते. बाबांना फोनवर बोलता येत नाही, निदान हातवारे तरी दिसतील तिला, म्हणून. कॅमेरा मॉनिटरच्या डोक्यावर बसवला, बाबांच्या खुर्चीकडे तोंड करून. त्याच्यात माईक होता. वायर खोचली त्या क्षणी कंप्युटरने न विचारता आवाजासाठी तोच माईक धरला. चित्र कॅसेटमधून, आवाज खोलीतून. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. तिने वाचलं नव्हतं.

आणि ऐकलंही नव्हतं. ही तिची जुनी सवय. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे बँड ऐकून ऐकून कान किटले, तेव्हापासून ओढताना स्पीकर बंद. आवाज येतोय का हे ती डोळ्यांनी बघायची. पडद्याच्या कडेला दोन हिरव्या पट्ट्या असतात, आवाज असला की त्या वरखाली उड्या मारतात. पट्ट्या हलल्या पाहिजेत, एवढा एकच नियम. गेले दोन महिने त्या हलतच होत्या. तिच्याच बोलण्यावर.

ओढलेल्या कॅसेटींची वही तिने उघडली. कॅमेरा आला त्या तारखेपासून बोट खाली आणलं. चौदा कॅसेटी. सातव्या ओळीवर बोट थांबलं ते उचलेना. ‘बाबा. निरोप समारंभ.’

“काय गं? पांढरी पडलीस,” बाई म्हणाल्या.

“बाई, तुमची मूळ कॅसेट आहे ना घरी?”

“आहे. टाकू नका म्हणून तूच तर दम दिला होतास.”

“संध्याकाळी आणून द्या. पुन्हा ओढते. माझीच चूक आहे ही.”

“चूक कुणाचीही होते. भावाला त्याचा आवाज परत दे, म्हणजे झालं,” असं म्हणून बाई छत्री उघडून धुक्यात निघून गेल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, त्या काय बोलून गेल्या ते.

बाबांची कॅसेट बसस्थानकाच्या गोदामात सापडली होती, गळक्या छताखालच्या कपाटात, अकरा वर्षांनी. एका वाहकाच्या भावाने निरोपाच्या दिवशी शूटिंग केलं होतं, पण प्रत कुणी काढली नाही. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती. फिरकीने दोन दिवस बसून, सुटा केलेला एकेक वेढा पुसला. तिला दिसतच होतं की ही टेप एकदाच चालेल. एकदाच चालली. सरकताना तिच्यावरचा लेप भुकटी होऊन गळत होता आणि शेवटाला आल्यावर टेप तुटली. तेव्हा फिरकीला वाईट वाटलं नव्हतं. तिने ओढून घेतली होती ना. दुकानातल्या डिस्कवर एक, घरच्या डिस्कवर एक, पर्समधल्या पेनड्राइव्हवर एक, अशा तीन ठिकाणी तिने ती फाइल ठेवली होती. रविवारी ताई येणार होती. “मला काही नको,” ताई म्हणाली होती, “एकदा त्यांचं ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं’ ऐकव फक्त.” फिरकीची लेक आठ वर्षांची, तिने तर आजोबांचा आवाज कधीच ऐकला नव्हता.

आणि ती फाइल फिरकीने स्वतःही ऐकली नव्हती. बाबा शेजारी बसलेले असताना त्यांचाच गेलेला आवाज त्यांच्यासमोर लावायचा, हा धीर तिला झाला नाही. रविवारी सगळे असतील, तेव्हाच लावू, असं तिने ठरवलं होतं.

खणातून तिने फडक्यात गुंडाळलेली कॅसेट काढली. तुटलेली टेप त्याच दिवशी चिकटपट्टीने जोडून ठेवली होती. सुरुवातीपर्यंत मागे घेतली, व्हीसीआरचं झाकण बसवलं, या खेपेला स्पीकर मोठा केला आणि बटण दाबलं. निळा पडदा. मग मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंचाळी. तिने घाईने बंद केलं, कॅसेट काढली. बोटाला तपकिरी भुकटी लागली होती. बाबांचा आवाज होता तो, जो काही उरला होता. फुंकर मारली असती तर तोही गेला असता.

बराच वेळ ती ते बोट तसंच हवेत धरून बसली. समोर शिंप्याचं मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग तिने बोट साडीला नाही, एका कोऱ्या कागदाला पुसलं, कागदाची पुडी केली आणि ती खणात टाकली. असं का केलं, ते तिलाच सांगता आलं नसतं.

फाइल तरी ऐकायला हवी होती. काय वाया गेलं ते कळायला हवं होतं.

पडद्यावर स्थानकाचा हॉल, खुर्च्या, हार, घड्याळ. चेहरे जरा हिरवट, कडेला बुरशीच्या रेघा नाचत होत्या. कानात दुकान. ती स्वतः फोनवर नवऱ्याशी बोलत होती.

“बाबांचं काय? बसलेत इथेच. त्यांचा काही त्रास नाही हो. स्टुलासारखे आहेत, ठेवलं तिथे असतात.”

फिरकीने हेडफोन कानापासून दूर केला. मग परत घातला. हे आपण म्हटलं? त्यांच्या कानाशी बसून? आवाज हसरा होता, प्रेमाचाच होता, त्यानेच जास्त लागलं. आवाज गेलेल्या माणसाचे कान शाबूत असतात, हे ती कधी विसरली, तिला आठवेना.

फोन संपला. मग तिचाच आवाज, जवळून. “बाबा, स्पिरिट संपलंय. शेजारून घेऊन येते. तुम्ही या हिरव्या पट्ट्यांवर लक्ष ठेवा. पट्ट्या हलल्या पाहिजेत. थांबल्या की समजायचं, आवाज येत नाही.” पावलं. दार लागल्याचा आवाज.

आणि शांतता.

पडद्यावर कुणी साहेब भाषण करत होते, ओठ हलत होते, कानात काही नाही. फिरकी खोलीतल्या त्या शांततेकडे कान देऊन बसली. खुर्ची करकरली. साहेबांनी बाबांना माईकपाशी बोलावलं. अकरा वर्षांपूर्वीचे बाबा उठले, केस काळे, गळा उघडा. माईकवर दोनदा टिचकी मारली. ओठ उघडले. आवाज नाही.

कानात बाबा खोकले, गळ्याच्या भोकातून येतो तो शिट्टीसारखा खोकला. मग थांबले. मग मुद्दाम, पुन्हा एकदा खोकले.

पट्ट्या थांबल्या होत्या, हे त्यांनी पाहिलं होतं. पडद्यावरच्या माणसाच्या बोलण्याने त्या हलत नव्हत्या, आणि खोकल्यावर हलल्या होत्या. ती दोन महिन्यांत जे समजली नाही ते या माणसाला दोन खोकल्यांत समजलं होतं.

गटक. घोट गिळल्याचा आवाज आला. आणि मग खडबडीत, जाड, खालून ढकलून वर आणलेलं काहीतरी.

“प्रवा... शांनी...”

गटक.

“इकडे... लक्ष... द्यावं.”

फिरकीचा हात आपोआप तोंडावर गेला. पडद्यावरचा तरण्याताठ्या आवाजाचा माणूस मुका होता आणि मुका माणूस बोलत होता. शब्द मागे पडत होते. पडद्यावरचे बाबा दोन वाक्यं पुढे गेले होते, लोक हसत होते, खुर्चीतले बाबा हवा गिळून गिळून एकेक शब्द बाहेर काढत होते, पण एकही गाळत नव्हते. तोंडपाठ होतं त्यांना. त्या निरोपासाठी महिनाभर ते न्हाणीघरात घोकत होते, हे फिरकीला आठवलं. आणि न्हाणीघर म्हटल्यावर नळ आठवला. नऊ वर्षांचा नळ. हा आवाज एका दिवसाचा नव्हता. बेडूक गेला होता त्यातला, ढेकर गेली होती. घासून घासून तयार केलेला आवाज होता, दाराआड, पाण्याखाली.

“फलाट... चारवर... एकतीस वर्षं... उभी असलेली गाडी... आता सुटत आहे.” गटक. “वाहक... चालक... आणि प्रवासी... एकच आहे.” गटक. “गाडी... मध्ये कुठेही... थांबणार नाही. थेट... घरी जाईल. कुणाचं सामान... राहिलं असेल... तर सांगावं.”

पडद्यावर सगळे टाळ्या वाजवत होते. पडद्यावरच्या बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांचं भाषण तिथे संपत होतं. कानात मात्र आणखी एक घोट.

“पट्ट्या... हलतायत.”

मग दार उघडल्याचा आवाज, आणि ती स्वतः. “काय बाबा, हलल्या का पट्ट्या?” पाटीवर खडू नसतो, काडी असते, तिची किरकिर ऐकू आली. त्या दिवशी काय लिहिलं होतं, तिला आठवत होतं. ‘हलल्या.’ आणि ती म्हणाली होती, लहान मुलाला म्हणतात तसं, “शाब्बास.”

फाइल संपून पडदा काळा झाला तरी तिने हेडफोन काढला नाही. कुणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकून उभीच राहिली. बाबा आले होते. मफलरवर धुक्याचे थेंब, बगलेत पाटी. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, टेबलावरच्या उघड्या कॅसेटकडे पाहिलं, आणि आपल्या खुर्चीत बसले.

“बाबा, तुमच्या कॅसेटचा आवाज आलाच नाही. गेला तो. माझ्या हातून गेला.”

त्यांनी लिहिलं, ‘ठाऊक आहे.’

“मग मला सांगितलं का नाहीत?”

त्यांनी कागद ओढून पुसला, लिहिलं, ‘आलीस तेव्हा भाषण संपलं होतं.’ पुन्हा पुसून, ‘कॅसेटही तुटली. सांगून रडवू?’

“मी ऐकलं,” फिरकी म्हणाली. “आत्ता. सगळं.”

बाबांचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखे ते रस्त्याकडे बघत राहिले. धुकं जरा विरळ झालं होतं, शिंपी दिसायला लागला होता. मग त्यांनी एकच शब्द लिहिला आणि पाटी तिच्याकडे न वळवता तशीच मांडीवर ठेवली. तिने वाकून वाचला. ‘वाईट?’

फिरकीला पुष्कळ बोलायचं होतं. त्या पहिल्या दिवशीचं हसणं होतं, स्टूल होतं, टाकी होती. पण ती म्हणाली, “श्वास घेऊन बोललात. त्या स्थानकावरच्या बाईसारखं नाही.”

बाबांचे खांदे हलले. ते हसतात तेव्हा तेवढंच दिसतं.

“रविवारी ताई आली की लावू?”

त्यांनी काडी उचलली, परत ठेवली. पाटीवर ‘वाईट?’ तसाच होता. तो कागद ओढून त्यांनी पुसला आणि पाटी खुर्चीच्या पायाशी उभी करून ठेवली.

बाई सोडून बारा जणांना फोन करायचे होते. प्रत्येकाला सांगायचं होतं की तुमच्या घरातल्या कार्यात मी बोलतेय. तिने वही जवळ ओढली, पहिला नंबर पाहिला, आणि आधी निदान एक तरी काम धड हातावेगळं करू म्हणून कपाटातून आज ओढायची कॅसेट काढली. कुणाच्या तरी शाळेचं स्नेहसंमेलन. व्हीसीआर चांगला शेकला होता, पहिल्या झटक्यात गिळली त्याने. फिरकीने माउसवर हात ठेवला.

शेजारून घोट गिळल्याचा आवाज आला.

“वायर,” बाबा म्हणाले.

ती वळली नाही. वळली असती तर काय झालं असतं ते तिचं तिला ठाऊक. बाबांचं बोट मॉनिटरच्या डोक्याकडे रोखलेलं तिला पडद्याच्या काचेत दिसत होतं. कॅमेरा तसाच लावलेला होता. तिने हात मागे नेऊन त्याची वायर उपटली, कोपऱ्यातली बारीक अक्षरं या वेळी वाचली, स्पीकर चालू केला. खोलीभर शंभर पोरांचं बेसूर गाणं पसरलं आणि पट्ट्या उड्या मारायला लागल्या.

“हं,” ती म्हणाली, आणि स्पिरिटच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून मळका कपडा धुवायला घेऊन गेली.